पटकीची पोथी

ऑक्टोबर 1992. मद्रासमध्ये (चेन्नई हे नाव व्हायला अजून चार वर्षं होती) जुलाबाचे रुग्ण येऊ लागले. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब, खोल गेलेले डोळे, चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहणारी कातडी. पटकी, म्हणजे कॉलरा, ओळखायला अनुभवी डॉक्टरला एवढं पुरतं. नमुने प्रयोगशाळेत गेले. कॉलऱ्याचा जीवाणू वाढवायला टीसीबीएस नावाचं हिरव्या रंगाचं माध्यम वापरतात. त्यावर हा वाढला की हिरव्या थाळीत पिवळेधमक ठिपके उमटतात. तसे उमटले. सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या अंगाचे, एका शेपटीच्या जोरावर सुळकन पळणारे जीवाणू दिसले. तेही जुळलं.

राहिली शेवटची, सगळ्यात सोपी चाचणी. काचपट्टीवर जीवाणूंचा थेंब घ्यायचा, त्यात प्रतिद्रव्याचा थेंब टाकायचा आणि पट्टी हलकेच डोलवायची. कॉलऱ्याचा जीवाणू असेल तर काही क्षणांत बारीक बारीक गुठळ्या दिसतात. या वेळी थेंब गढूळ होता, तसाच गढूळ राहिला. गुठळ्या झाल्याच नाहीत.

या जीवाणूचं नाव व्हिब्रिओ कॉलरी. त्याच्या बाहेरच्या साखरेच्या आवरणावरून त्याचे गट पाडतात: ओ-1, ओ-2, ओ-3 असे. तोवर 138 गट माहीत होते आणि त्यांपैकी साथ आणायचा तो फक्त ओ-1. वैद्यकाच्या पुस्तकांत हे जवळजवळ नियमासारखं छापलेलं असे. मद्रासचा पाहुणा ओ-1 नव्हता. मग एकामागून एक सगळी प्रतिद्रव्यं लावून पाहिली, तर तो 138 पैकी कोणालाच दाद देईना. त्याला नवा क्रमांक द्यावा लागला: ओ-139.

काही महिन्यांत तो कलकत्त्याला पोचला, 1993च्या सुरुवातीला बांगलादेशात. गंमत म्हणजे (गंमत म्हणणं क्रूरपणाचं आहे, पण शास्त्रज्ञाला तसंच वाटलं असणार) या भागात कॉलरा मुरलेला. मोठ्या माणसांना तो लहानपणी कधीतरी होऊन गेलेला, अंगात प्रतिकारशक्ती तयार असलेली, म्हणून एरवी त्याचा मार मुलांवर जास्त. या वेळी मात्र धडधाकट मोठी माणसंच खाटांवर दिसू लागली. शरीरं जुना शत्रू ओळखायला शिकली होती आणि हा जुना शत्रू आवरण बदलून आला होता. आठवी जागतिक साथ सुरू झाली, अशीच अनेकांची समजूत झाली.

त्या वेळी याचं कोडं पूर्ण उलगडणं शक्य नव्हतं, कारण जीवाणूची अख्खी संहिता वाचायचं तंत्रच हाताशी नव्हतं. ते पुढच्या काही वर्षांत आलं. आणि वाचून पाहिल्यावर जे दिसलं ते मला विज्ञानातल्या सुरस कथांपैकी एक वाटतं: माणसांचे असे हाल करणारा हा जीव मुळात आपल्या वाटेलाही जाणारा नाही. त्याच्याजवळची सगळी हत्यारं उसनी आहेत.

आधी त्याचं घर पाहू. नदी समुद्राला मिळते तिथल्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ सुखाने राहतो. त्या पाण्यात कोपेपॉड नावाचे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव तरंगत असतात. कोळंबीचे हे दूरचे भाऊबंद. त्यांचं कवच कायटिनचं असतं आणि कायटिन हे व्हिब्रिओचं आवडतं खाणं. एकेका कोपेपॉडवर हजारो जीवाणू चिकटलेले सापडतात. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी हे नातं धरून बांगलादेशातल्या मतलब भागात एक साधा प्रयोग केला. जीवाणू कापडातून सहज गळून जाईल, पण कोपेपॉड अडकेल आणि त्याच्याबरोबर त्याच्यावरची सगळी मंडळीही. म्हणून बायकांना जुनी, वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी चार-आठ पदरी करून घागरीच्या तोंडावर बांधायला सांगितली. नवी साडी नको. धुऊन धुऊन धागे फुगले की छिद्रं बारीक होतात. 2003 साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा 48 टक्क्यांनी उतरलेला होता. आपल्याकडे घागरीवर फडकं बांधणाऱ्या आज्यांना हे वाचून नवल वाटलं नसतं.

आता त्या संहितेकडे वळू. ऑगस्ट 2000 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात व्हिब्रिओ कॉलरीचा पहिला पूर्ण जीनोम छापून आला. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. या जीवाणूत ती 40,33,460 भरली. आणि ती एका नव्हे, दोन वर्तुळाकार गुणसूत्रांवर वाटलेली होती. बहुतेक जीवाणूंचं एकाच गुणसूत्रात भागतं. यातलं मोठं गुणसूत्र साधारण तीस लाख अक्षरांचं, धाकटं दहा लाखांच्या थोडं पुढे. धाकट्याच्या एका कोपऱ्यात दोनशेहून अधिक जनुकं ओळीने साठवलेली, इकडून तिकडून गोळा केलेली. त्यातली अनेक कसली आहेत हे वाचणाऱ्यांना कळेना. ज्याला जे मिळेल ते घरात आणून ठेवायची सवय आहे, अशा जिवाचा हा जीनोम.

पण सगळ्यात मोठी उसनवारी मोठ्या गुणसूत्रावर होती, आणि तिचा सुगावा 1996 मध्येच लागला होता. कॉलऱ्यात माणूस मरतो तो जीवाणूमुळे नव्हे, जीवाणू सोडतो त्या विषामुळे. हे विष आतड्याच्या पेशीत शिरतं आणि तिची एक कळ चालू करून ठेवतं, जी मग बंदच होत नाही. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, क्षारामागे पाणी धावतं. रोग जबर असेल तर तासाला लिटरभर पाणी अंगातून जातं आणि सकाळी चालता-बोलता माणूस संध्याकाळपर्यंत संपू शकतो. असं विष असतं हे 1959 साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. तोकड्या साधनांत केलेलं हे काम जगाच्या तोडीचं होतं. त्यांच्या हयातीत त्याचं व्हावं तसं कौतुक मात्र झालं नाही.

तर हे विष बनवायचं जनुक व्हिब्रिओचं स्वतःचं नाहीच. मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवलं की ते एका विषाणूचं आहे. जीवाणूंनाही विषाणू लागतात, त्यांना फाज म्हणतात. हा फाज दोऱ्यासारखा. तो व्हिब्रिओत शिरतो, आपली अक्षरं त्याच्या गुणसूत्रात शिवून टाकतो आणि तिथेच संसार थाटतो. विषाची कृती त्या अक्षरांतच लिहिलेली. म्हणजे गेली दोनशे वर्षं बंगालपासून लंडनपर्यंत माणसं मारत आलेलं विष एका विषाणूने जीवाणूला आणून दिलेलं आहे.

बरं, फाज आत शिरतो कुठून? व्हिब्रिओच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या आधाराने तो माणसाच्या आतड्यात ठाण मांडतो आणि नेमके हेच तंतू धरून फाज आत येतो. आणि या तंतूंची जनुकं? तीही उसनी, बाहेरून आलेल्या डीएनएच्या एका मोठ्या तुकड्यावर बसलेली. आधी तंतू मिळाले. तंतू मिळाले म्हणून विषाणू लागला. विषाणू लागला म्हणून विष मिळालं. हा क्रम कुणी ठरवला नव्हता. यातली एक पायरी हुकली असती तर व्हिब्रिओ कॉलरी हा खाडीतला एक बिनमहत्त्वाचा रहिवासी राहिला असता, जसे त्याचे बहुतेक नातेवाईक आजही आहेत.

मद्रासच्या कोड्याची उकलही याच सवयीत दडलेली निघाली. 2005 मध्ये लक्षात आलं की व्हिब्रिओ कायटिनवर बसून जेवत असला की त्याच्यात एक खास यंत्रणा जागी होते आणि आजूबाजूला पडलेला मोकळा डीएनए तो चक्क आत ओढू लागतो. दहा वर्षांनी आणखी एक तपशील बाहेर आला: तो मोकळा डीएनए मिळायची वाट पाहत बसत नाही. शेजारच्या जीवाणूला भाल्यासारख्या अवयवाने भोसकतो, शेजारी फुटतो, आणि त्याच्यातून सांडलेला डीएनए हा घेतो. लोणावळ्याच्या धबधब्यापासून वेंगुर्ल्याच्या खाडीपर्यंत कुठल्याही थेंबात सूक्ष्म जिवांची अशी मारामारी चालू असते हे कळल्यापासून पाण्याकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

2007 मध्ये मेलानी ब्लोकेश आणि गॅरी स्कूलनिक यांनी प्रयोगशाळेत कायटिनच्या पृष्ठभागावर ओ-1 जातीचे जीवाणू वाढवले आणि त्यांना ओ-139चा डीएनए देऊ केला. काही जीवाणूंनी आवरणाची जुनी जनुकं टाकली, नवी बसवली. ओ-1चा ओ-139 झाला, आणि तोही एका फटक्यात. म्हणजे मद्रासला आलेला हा काही नवा राक्षस नव्हता. जगभर आधीपासून फिरत असलेला ओ-1चा ‘एल टोर’ नावाचा वाणच होता तो. कुठल्याशा खाडीत, कुठल्याशा मेलेल्या शेजाऱ्याकडून त्याने अंगरखा तेवढा घेतला होता. त्याच्याजवळ आणखी एक उचललेली वस्तू सापडली: सुमारे एक लाख अक्षरांचा डीएनएचा तुकडा, ज्यावर अनेक प्रतिजैविकांना निकामी करणारी जनुकं होती. तो तुकडा पहिल्यांदा ओळखला गेला तोही मद्रासच्याच नमुन्यात.

इथपर्यंत झाली व्हिब्रिओने काय काय ढापलं याची गोष्ट. पण जीनोममध्ये दुसरीही एक गोष्ट लिहिलेली असते: तो कुठून कुठे गेला याची. ती वाचायची रीत पुण्यातल्या वाचकाला परकी वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा संपादक सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. लेखनिक नक्कल करताना चुकतो. त्या पोथीवरून पुढच्याने नक्कल केली की ती चूक पुढे जाते आणि त्याच्या स्वतःच्या चुकांची तिच्यात भर पडते. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली तर त्यांचं मूळ एक. असं करत करत कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली, याची वंशावळ मांडता येते.

जीवाणू दुभंगतो तेव्हा आपल्या चाळीस लाख अक्षरांची नक्कल करतो आणि क्वचित एखादं अक्षर चुकतो. किती क्वचित? 2011 मध्ये अंकुर मुत्रेजा आणि सहकाऱ्यांनी पन्नासेक वर्षांत गोळा झालेल्या 154 नमुन्यांचे जीनोम शेजारी शेजारी मांडले. चुकांचा वेग निघाला वर्षाला सरासरी 3.3 अक्षरं. हे वाचून मी थबकलो. चाळीस लाखांत वर्षाला तीन! कुठला लेखनिक इतका काटेकोर असेल? आणि वेग असा ठरलेला असला की चुका मोजून काळही सांगता येतो. दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे ते पाहायचं, की त्यांचा सामाईक पूर्वज किती वर्षांपूर्वीचा याचा अंदाज आलाच.

त्या वंशावळीतून दिसलं ते असं. 1961 साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या सातव्या जागतिक साथीचे सगळे धागे बंगालच्या उपसागराच्या परिसराकडे जातात. तिथून निदान तीन लाटा उठल्या, एकीत दुसरी मिसळत, आणि आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या किनाऱ्यांवर जाऊन आदळल्या. जीवाणू इतक्या लांब पोहत जात नाही. त्याला माणसं नेतात.

माणसं नेतात याचा पुरावा किती बोचरा असू शकतो हे हैतीत दिसलं. जानेवारी 2010 मध्ये तिथे भीषण भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनित नदीच्या काठी कॉलरा फुटला. या देशात निदान शंभर वर्षं कॉलऱ्याची नोंद नव्हती. मग तो आला कुठून? काहींचं म्हणणं, तो तिथल्या समुद्रातच होता, पाणी तापल्यावर उसळला. गावकरी मात्र एका बाजूला बोट दाखवत होते. मिरेबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता, तिथे नेपाळहून सैनिक नुकतेच आले होते, आणि तळाची घाण आर्तिबोनितला मिळणाऱ्या ओढ्यात जात होती. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रनो पियारू यांनी गावोगाव फिरून रुग्णांचा नकाशा मांडला; त्याचा रोखही त्याच तळाकडे गेला. पण नकाशाला संशय म्हणता येतं, आणि बड्या संस्था संशय झटकून टाकू शकतात.

जीनोम झटकता येत नाही. वर्ष उलटायच्या आत हैतीच्या जीवाणूचं वाचन झालं आणि तो दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यांऐवजी दक्षिण आशियातल्या नमुन्यांशी जुळला. मग 2011 च्या ऑगस्टमध्ये नेपाळमधले 24 नमुने हैतीच्या नमुन्यांशेजारी ठेवले गेले. त्यातले तीन हैतीच्या जीवाणूंशी जवळजवळ तंतोतंत जुळले. फरक किती? एका किंवा दोन अक्षरांचा. चाळीस लाखांत एक-दोन अक्षरं, आणि वेग वर्षाला तीनचा. हिशेब कुणीही करावा.

तरी संयुक्त राष्ट्रांनी कायदेशीर जबाबदारी घेतली नाही. हैतीच्या लोकांची माफी मागायला सरचिटणीस बान की-मून यांना डिसेंबर 2016 उजाडला. तोवर हजारो माणसं गेली होती; शेवटी आकडा आठ लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे दहा हजार मृत्यूंवर थांबला. 2019 नंतर रोग नाहीसा झाल्यासारखा वाटला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये परत उगवला. पुन्हा जीनोम वाचला. तो 2010 च्याच वाणाचा वंशज निघाला.

या वाचनाची भूक अशी, की संग्रहालयातल्या बरण्याही सुटल्या नाहीत. फिलाडेल्फियात 1849 साली कॉलऱ्याने मेलेल्या माणसाच्या आतड्याचा तुकडा म्युटर संग्रहालयात जपून ठेवलेला होता. 2014 मध्ये त्यातून त्या वेळच्या जीवाणूचा जीनोम बाहेर काढला. तो निघाला ‘क्लासिकल’ वाणाचा, एल टोरच्या आधी जगावर राज्य करणारा. पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश सैनिकाचा 1916 सालचा, इजिप्तमधला नमुनाही वाचला. ब्रिटनच्या एका संग्रहात तो सुकवून ठेवलेला होता. त्याला विषाचं जनुक नव्हतं, शेपटीही नव्हती, पण पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या अँपिसिलिनला न जुमानणारं जनुक होतं. पेनिसिलिनचा शोध 1928 चा! औषध जन्मायच्या आधीच त्यावरचा तोडगा जीवाणूच्या झोळीत पडलेला होता.

आणि ओ-139? आठवी साथ आलीच नाही. दोन-तीन वर्षांत ओ-1 ने पुन्हा जागा मिळवली, ओ-139 हळूहळू विरळ होत गेला. का, याचं उत्तर शोधायला भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून वीसेक वर्षांतले त्याचे 330 जीनोम वाचले आणि 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. ओ-139च्या पहिल्या लाटेत सगळ्यांकडे विषाचं एकच रूप होतं, पुढच्या लाटांत वेगवेगळी रूपं येत गेली. त्याबरोबर प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुकंही एकेक करून गळत गेली. ज्या उसन्या मालावर त्याचा रुबाब होता तोच ओसरत गेला.

हे सगळं वाचायला पूर्वी मोठी प्रयोगशाळा आणि अनेक महिने लागत. आज तळहातावर मावणारं यंत्र मिळतं. त्यातल्या पडद्याला अतिसूक्ष्म भोकं असतात, भोकांतून वीज वाहत असते. डीएनएचा धागा भोकातून सरकू लागला की प्रत्येक अक्षरागणिक वीज किंचित वेगळी अडते, आणि त्या अडखळण्यावरून संगणक अक्षरं लिहून घेतो. चाळीस लाख अक्षरं काही तासांत वाचून होतात.

कॉलरा आपल्यापासून लांब गेलेला नाही. जुलै 2022 मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत तो आला. लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं होतं आणि त्यात माणसं दगावली. अशा बातम्या आपल्याकडे बहुधा ‘गॅस्ट्रोची साथ’ या एका शब्दात गुंडाळल्या जातात. दूषित पाणी, औषधफवारणी, टँकर, एवढ्यावर विषय संपतो आणि तो जीवाणू कोण होता, कुठून आला, कुठली औषधं त्याच्यावर चालत नाहीत, हे कुणी विचारत नाही. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या तालुक्यात अशी बातमी आली तर आरोग्य अधिकाऱ्यांना दोनच गोष्टी विचारा: रुग्णांचे नमुने घेऊन जीवाणू वाढवला का, आणि त्याचा जीनोम वाचायला पाठवला का. आणि उत्तर येईपर्यंत पाणी उकळूनच प्या.